कॉलेज चांगलं, पण ब्रांच नको ती : इंदूरच्या विद्यार्थी-पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलॉटमेंटचा कागद हातात आला की घरोघरी एकच वाद सुरू होतो. वडिलांचं म्हणणं, कॉलेज नावाजलेलं आहे, घेऊन टाक. मुलाचं म्हणणं, मला सिव्हिल नकोच होतं. मामाच्या ओळखीचं कुणीतरी सांगतं की वर्षभरानं ब्रांच बदलून मिळते. आमच्याकडे सगळ्यात जास्त प्रश्न इंजिनिअरिंगचे येतात, म्हणून पानाचा मोठा भाग त्यावर आहे. बीएस्सी, बीए, बीकॉमचे प्रश्न खाली घेतले आहेत.

आधी काय बघायचं, कॉलेज की ब्रांच?

आधी हे बघा की मिळालेल्या ब्रांचमुळे पुढचं एखादं दार कायमचं बंद होतं का.

काही पेशांना नोंदणी लागते आणि ती ठरावीक पदवीवरच मिळते. आर्किटेक्ट व्हायचं असेल तर बी.आर्कच हवं. सिव्हिल करून काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी होत नाही. फार्मसी आणि नर्सिंगचंही तसंच. तिथे ‘आधी प्रवेश घेऊ, पुढचं पुढे बघू’ याला अर्थ नाही. कॉलेज कितीही मोठं असो, ती जागा सोडा.

काही दारं मात्र कुठल्याही पदवीला उघडी असतात. एमबीए, तीन वर्षांचं एलएलबी, यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा यांना तुमची ब्रांच कोणती होती याच्याशी देणंघेणं नसतं.

खरी ओढाताण मधल्यांची. सॉफ्टवेअरची नोकरी मेकॅनिकलवाल्यालाही मिळते, फक्त मेहनत स्वतःच्या जोरावर करावी लागते. उलट सरकारी इंजिनिअरच्या नोकरीत पदवीवर ब्रांचचं नाव काय आहे ते काटेकोर बघतात. यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षा सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन या चारच शाखांत होते. कंप्युटर सायन्सचा पेपरच नाही. त्यामुळे घरात सरकारी नोकरीची आस असेल तर ‘सीएस नाही मिळालं, सिव्हिल मिळालं’ म्हणून रडणाऱ्या मुलाच्या हातात त्या कामाची ब्रांच आधीच आलेली असते.

एसजीएसआयटीएससारख्या जुन्या अनुदानित कॉलेजात खालची ब्रांच घ्यावी की खासगी कॉलेजात कंप्युटर सायन्स?

इंदुरात हा प्रश्न दरवर्षी येतो आणि सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर नाही. आमचा कल मात्र स्पष्ट आहे. मिळालेल्या ब्रांचचे विषय निदान सोसवण्यासारखे असतील तर जुनं सरकारी किंवा अनुदानित कॉलेज घ्यावं. त्या विषयांचा तिटकाराच असेल तर घेऊ नये.

त्याची कारणं व्यवहाराची आहेत. एसजीएसआयटीएस १९५२ पासून आहे. माजी विद्यार्थी जागोजागी आहेत, फी खासगीपेक्षा कमी आहे आणि कॅम्पसला येणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी बऱ्याच ‘सर्व ब्रांच’ना बसू देतात. पण बायोमेडिकल किंवा इंडस्ट्रियल-प्रॉडक्शन घेऊन पहिल्याच सेमिस्टरपासून वर्गाला दांड्या मारणार असाल, तर सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांची दहापैकी सरासरी) साडेसहाच्या खाली घसरतो आणि त्याच ‘सर्व ब्रांच’वाल्या कंपन्यांच्या पात्रतेत बसत नाही. मग नाव मोठं असून उपयोग शून्य.

ठरवण्याआधी एक काम करा. दोन्ही कॉलेजांच्या त्या-त्या ब्रांचची तिसऱ्या ते सहाव्या सेमिस्टरची स्कीम वेबसाइटवरून उतरवून घ्या. पहिलं वर्ष सोडून द्या, ते जवळपास सगळ्यांना सारखंच असतं. स्कीममध्ये प्रत्येक विषयापुढे लेक्चर, ट्यूटोरियल, प्रॅक्टिकलचे तास आणि शेवटी क्रेडिट असतात. पेन्सिलनं तीन खुणा करा : आवडेल, चालेल, नको. मग विषय मोजू नका, क्रेडिटची बेरीज करा. एखादा नावडता विषय दोन क्रेडिटचा असतो, एखादा प्रयोगशाळेसकट पाचचा. ‘नको’ची बेरीज एकूण क्रेडिटच्या निम्म्यावर गेली तर ती जागा तुमची नाही.

पहिल्या वर्षानंतर ब्रांच बदलून मिळते हे खरं का?

नियमात असतं. मिळते मोजक्यांना. काही आयआयटींनी तर ही सोय बंदच करून टाकली आहे.

नियमांचा साचा सगळीकडे साधारण सारखा : पहिल्या वर्षाचे सगळे विषय पहिल्याच प्रयत्नात सुटलेले हवेत, ठरलेला किमान सीजीपीए हवा, हव्या त्या ब्रांचमध्ये मंजूर संख्येच्या आत जागा रिकामी हवी, आणि अर्जदारांतून गुणानुक्रमे निवड होते. ऐकायला सोपं वाटतं, पण आकडे मांडून बघा. समजा कंप्युटर सायन्सच्या ७५ जागा आहेत आणि पहिल्या वर्षानंतर ४ मुलं सोडून गेली. बाकी ब्रांचमधली शंभर मुलं अर्ज करतात. म्हणजे शंभरात चार. त्या चारांत यायचं तर पहिल्या वर्षी साधारण पूर्ण कॉलेजात वरच्या रांगेत असावं लागतं. जेईईत ज्यांचा रँक तुमच्या वर होता त्यांच्याशी ही स्पर्धा नाही, कारण ते आधीच सीएसमध्ये आहेत. तुमच्यासारखीच चिडून अभ्यासाला लागलेली मुलं समोर असतात.

अर्ज फसतो तो बहुतेक वेळा पुढच्या कारणांनी. एखाद्या विषयात बॅक लागली, म्हणजे नापास झालं, की सीजीपीए कितीही असो, नाव यादीतून बाहेर. इंजिनिअरिंग ग्राफिक्स आणि गणित हे दोन पेपर यासाठी कुप्रसिद्ध आहेत. दुसरं, दुसऱ्या सेमिस्टरचा निकाल लांबतो, तिसरं सेमिस्टर सुरू होऊन महिना उलटतो आणि मग बदलाची यादी लागते. नव्या ब्रांचचा बुडालेला महिना स्वतः भरून काढावा लागतो. तिसरं, काही ठिकाणी तुम्ही सोडत असलेल्या ब्रांचची संख्या ठरावीक पातळीखाली जाऊ देत नाहीत, म्हणून नवी ब्रांच द्यायला तयार असली तरी जुनी सोडत नाही.

आणि चौथं, जे प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही : ट्यूशन फी वेव्हर, म्हणजे टीएफडब्ल्यूच्या जागेवर आलेल्या विद्यार्थ्याला एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) नियमानुसार कॉलेजही बदलता येत नाही आणि ब्रांचही नाही, कुठल्याही कारणानं. ही योजना मंजूर जागांच्या वर ५ टक्के असते. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असणारे ती आनंदानं घेतात, फी वाचते म्हणून. फी वाचणं खरंच मोठं आहे, पण ‘नंतर बदलू’ असा बेत असेल तर टीएफडब्ल्यूच्या चौकटीवर टिक करू नका.

कॉलेजच्या वेबसाइटवर मागच्या वर्षीची ब्रांच बदलाची यादी शोधा. त्यात रोल नंबर, जुनी ब्रांच, नवी ब्रांच आणि बहुतेक वेळा सीजीपीए असतो. सीएसमध्ये गेलेल्या शेवटच्या मुलाचा सीजीपीए किती आहे तो बघा. कॉलेजच्या माहितीपत्रकातल्या चार परिच्छेदांपेक्षा तो एक आकडा जास्त बोलतो. यादी सापडलीच नाही तर तेही उत्तरच समजा.

कॉलेज निवडताना ब्रांच बदल मिळणारच नाही असं धरून निवडा. मिळाला तर बरंच.

काउंटरवरचे सर म्हणाले, ‘आत्ता घ्या, पुढच्या वर्षी बदलून देऊ.’ विश्वास ठेवावा का?

लिहून मागा. कॉलेजच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. ज्या नियमाच्या आधारे बदल देणार त्या नियमाचा क्रमांक त्यात असू द्या. हसून टाळलं तर समजून जा.

खासगी विद्यापीठांत जागा रिकाम्या राहतात, त्यामुळे तिथे बदल खरोखर सहज होतो. पण फी नव्या ब्रांचची लागते, आणि कधीकधी पहिल्या वर्षाचा फरकसुद्धा. तेही आधी विचारून ठेवा.

काउन्सेलिंग अजून चालू आहे. ब्रांच सुधारायची संधी कशी वापरायची?

बदल मिळवण्याची सगळ्यात स्वस्त वेळ हीच. वर्षभराच्या सीजीपीएच्या शर्यतीपेक्षा इथल्या एका क्लिकचं मोल जास्त.

मध्य प्रदेशाच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या काउन्सेलिंगमध्ये जागा मिळाल्यावर अपग्रेडेशन हवं का, असं विचारतात. ‘हो’ म्हटलं तर पुढच्या फेरीत तुमच्या यादीत वर असलेला पर्याय रिकामा झाला की तो मिळतो आणि आधीची जागा आपोआप जाते. परत मागता येत नाही. म्हणून मिळालेल्या जागेच्या वर असं एकही नाव ठेवू नका जे मिळालं तर तुम्ही हळहळाल. ‘कटऑफ बघून’ यादी लावणारे इथेच फसतात. यादी कटऑफच्या क्रमानं लावायची नसते, आपल्या आवडीच्या क्रमानं लावायची असते. फेऱ्यांच्या मध्ये संस्थेच्या पातळीवर ब्रांच बदलाचाही टप्पा वेळापत्रकात असतो. त्याची तारीख वेगळी लिहून ठेवा, कारण कॉलेजांना फोन करून ती आठवण करून देण्यात रस नसतो.

जोसा, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या काउन्सेलिंगमध्ये तीन पर्याय असतात. फ्रीझ म्हणजे हीच जागा पक्की. फ्लोट म्हणजे कुठल्याही कॉलेजातला वरचा पर्याय चालेल. स्लाइड म्हणजे कॉलेज हेच हवं, फक्त ब्रांच वरची द्या. या पानाच्या निम्म्या वाचकांना हवं असतं ते स्लाइड, आणि घाईत ते फ्रीझ करून बसतात. मात्र स्लाइडचा उपयोग तेव्हाच, जेव्हा त्या कॉलेजच्या बाकी ब्रांच तुम्ही यादीत भरलेल्या असतील. जोसात यादी पहिल्या फेरीआधी लॉक होते. नंतर एक ओळही वाढवता येत नाही.

एनआयटीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, जी राजस्थानातल्या कोटा शहरात शिकून आलेल्यांना उशिरा कळते. भोपाळच्या मॅनिटमध्ये मध्य प्रदेशासाठी निम्म्या जागा राखीव आहेत, पण ‘मध्य प्रदेशचा’ कोण हे बारावी कुठून पास झाला त्यावर ठरतं, मूल निवासी प्रमाणपत्रावर नाही. घर लोकमान्य नगरात, बारावी कोट्याच्या शाळेतून, तर तुम्ही राजस्थानचे. ग्वाल्हेरच्या ट्रिपल आयटीएमला असा राज्य कोटा नाही.

सीएलसीपर्यंत थांबलं तर चांगली ब्रांच मिळेल का?

सीएलसी, म्हणजे कॉलेज लेव्हल काउन्सेलिंग, ही शेवटची फेरी. उरलेल्या जागा कॉलेज पातळीवर भरतात आणि जेईईचे उमेदवार संपले तर बारावीच्या गुणांवरही देतात. खासगी कॉलेजात इथे हवी ती ब्रांच मिळू शकते. नामांकित सरकारी कॉलेजातलं सीएस मात्र इथवर उरत नाही. उरलं तर एखाददुसरी जागा, आणि तिच्यासाठी सकाळपासून रांग. हातात बरी जागा असेल तर तिच्यावर पाणी सोडून सीएलसीची वाट बघू नका.

‘कंप्युटर सायन्स’ नाही, पण ‘सीएस (एआय-एमएल)’, ‘डेटा सायन्स’ किंवा ‘आयटी’ मिळतंय. ही वेगळी ब्रांच समजायची का?

आयटी आणि सीएसमध्ये चार वर्षांच्या शेवटी फरक नावापुरताच राहतो. डोळे झाकून घ्या. कंसातल्या नावांबद्दल स्कीम बघून ठरवा. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डीबीएमएस, कंप्युटर नेटवर्क आणि अल्गोरिदम हे पाच विषय पूर्ण क्रेडिटचे असतील तर ते सीएसच आहे. त्यातले दोन गायब असून त्याजागी टूलच्या नावाचे विषय असतील तर दुरून नमस्कार.

भरतीच्या जाहिरातीत ‘कंप्युटर सायन्स किंवा समकक्ष’ असं असेल तर कंसातल्या नावाला कधीकधी समकक्षतेचा कागद मागतात. सरकारी नोकरीचा विचार असेल तर हे ध्यानात ठेवा.

ब्रांच तीच ठेवून हवा तो विषय शिकायचा रस्ता आहे का?

आहे, आणि ब्रांच बदलण्यापेक्षा तो जास्त जणांना जमतो.

मायनर डिग्री : एआयसीटीईच्या चौकटीत बी.टेकच्या नेहमीच्या क्रेडिटवर १८ ते २० क्रेडिट जास्त केले तर दुसऱ्या शाखेत मायनर मिळते आणि तिचा उल्लेख पदवीवर होतो. वर सांगितलेले सीएसचे पाच विषय प्रत्येकी चार क्रेडिटचे धरले तर वीस होतात. म्हणजे सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत जे विचारतात ते सगळं एका मायनरमध्ये बसतं. प्रवेश घेण्याआधी एवढंच विचारा : तुमच्याकडे सीएसची मायनर आहे का, कोणत्या सेमिस्टरपासून, आणि बाहेरच्या ब्रांचच्या किती मुलांना घेता? काही कॉलेजांत कागदावर मायनर असते, पण तासांच्या वेळा मूळ ब्रांचच्या लॅबशी आदळतात आणि मुलं तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. टाइमटेबल मागून बघा.

दुसरी पदवी : यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायला मुभा दिली आहे, एक वर्गात बसून आणि एक ऑनलाइन किंवा दूरस्थ, किंवा वेळा आदळत नसतील तर दोन्ही वर्गात. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस याच वाटेनं बरेच जण करतात. तिला जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यासक्रम आणि मग पात्रता परीक्षा. मध्येच थांबलं तरी टप्प्यानुसार डिप्लोमा मिळतो. हे दोन घोडे एकदम हाकणं पहिल्या सेमिस्टरमध्ये करू नका. पहिलं वर्ष बॅक न लागता काढा, मग सुरू करा.

गेट : ही एम.टेकच्या प्रवेशाची परीक्षा बी.टेकच्या तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि पेपर स्वतःच्याच ब्रांचचा हवा असं बंधन नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी सीएसचा पेपर देऊ शकतो. २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचाही पेपर आहे. एम.टेकला कोणती बी.टेक चालते हे मात्र प्रत्येक संस्था स्वतः ठरवते, तेव्हा दोन-चार ठिकाणची पात्रता दुसऱ्याच वर्षी वाचून ठेवा.

प्लेसमेंटचे आकडे कसे वाचायचे?

कॉलेजचा आकडा नको, ब्रांचचा मागा. ‘सर्वोच्च पॅकेज’ सोडून द्या, ते एका मुलाचं असतं. मध्यक पॅकेज मागा. ‘९५ टक्के प्लेसमेंट’ कशाच्या ९५ टक्के हे विचारा : ब्रांचमधल्या सगळ्या मुलांच्या, की नाव नोंदवलेल्यांच्या? उच्च शिक्षणाला जाणारे, स्पर्धा परीक्षावाले, पात्रतेत न बसणारे वगळले की कुठलाही आकडा फुगतो. आणि एकाच मुलाला मिळालेल्या तीन ऑफर तीन प्लेसमेंट म्हणून मोजल्या आहेत का तेही बघा. ही माहिती काउंटरवर मिळत नाही. त्या ब्रांचच्या चौथ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठा, दहा मिनिटांत कळतं.

वर्षभरानं कॉलेजच बदललं तर?

एकाच विद्यापीठाच्या दोन कॉलेजांत अवघड, दोन विद्यापीठांत फारच अवघड. खंडवा रोडवरची आयईटी ही देवी अहिल्या विद्यापीठाची स्वतःची संस्था. एसजीएसआयटीएस स्वायत्त, पण राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालयाशी संलग्न. गावात दोन्ही जवळ असल्या तरी कागदोपत्री त्या दोन वेगवेगळ्या विद्यापीठांच्या आहेत. दोन्हीकडची एनओसी (ना हरकत पत्र), विद्यापीठाची परवानगी, रिकामी जागा आणि अभ्यासक्रम जुळणं, हे सगळं जमलं तरच. न जुळलेले विषय जास्तीचे पेपर म्हणून द्यावे लागतात.

मग ड्रॉप घ्यावा का, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा जेईई द्यावी का?

ड्रॉप घेण्यात कमीपणा नाही, पण नियम आधी वाचा. जेईई मेन बारावीच्या वर्षापासून सलग तीन वर्षं देता येते, अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षं. ज्यानं एकदा आयआयटीची जागा स्वीकारली त्याला पुन्हा अ‍ॅडव्हान्स्डला बसता येत नाही, मग तो तिथे शिकला असो वा नसो. शेवटच्या फेरीआधी रीतसर माघार घेतली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे सिमरोलला (आयआयटी इंदूरला) किंवा आणखी कुठल्या आयआयटीत नको असलेली ब्रांच ‘हातात असू दे’ म्हणून घेतली आणि पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करू असं ठरवलं, तर तो रस्ता बंद झालेला असतो. एनआयटीची जागा घेतल्यानं असा अडसर येत नाही.

आमच्या मते ड्रॉपचा विचार तेव्हाच करा जेव्हा गुण कमी पडल्याचं कारण बोटावर दाखवता येतं, उदाहरणार्थ आजारपण किंवा अर्धा अभ्यासक्रम राहून जाणं. ‘या वेळी जास्त मेहनत करीन’ हे कारण नव्हे. प्रवेश घेऊन तयारी करणं मधला मार्ग वाटतो, पण ७५ टक्के हजेरी, सेमिस्टर परीक्षा आणि जेईईच्या तारखा एकमेकांच्या अंगावर येतात आणि दोन्हीकडे पोरगं अर्धवट राहतं. ड्रॉप घेतलाच तर पुढच्या प्रवेशाला गॅपचं शपथपत्र लागतं, नोटरीकडे एका दिवसात होतं.

होळकर कॉलेजात बीएस्सी मिळालं, पण मेजर, म्हणजे मुख्य विषय नको तो मिळाला. बदलता येईल?

इथे परिस्थिती इंजिनिअरिंगपेक्षा बरीच मोकळी आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर यूजीसीनं डिसेंबर २०२२ मध्ये जी चौकट दिली, तिच्यात पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याच विद्याशाखेत मेजर बदलण्याची सोय आहे, आणि त्यासाठी कॉलेजला १० टक्के जास्तीच्या जागा निर्माण करायला परवानगी आहे. पसंती बॅक नसलेल्या, जास्त सीजीपीएवाल्यांना. प्रत्यक्षात किती जागा दिल्या हे त्या-त्या कॉलेजवर. होळकर स्वायत्त आहे, तेव्हा त्यांचाच नियम चालतो. प्राचार्यांच्या कार्यालयात नाही, तर परीक्षा विभागात विचारा, तिथे नेमकं सांगतात.

मेजर नाही बदलला तरी हवा तो विषय मायनर म्हणून घ्या. यूजीसीच्या तीन वर्षांच्या १२० क्रेडिटच्या चौकटीत मेजरला ६० आणि मायनरला २४ क्रेडिट आहेत. आणि २०२४ च्या पदव्युत्तर चौकटीप्रमाणे मेजर किंवा मायनर, दोन्हींपैकी कुठल्याही विषयात एमए-एमएस्सीला पात्र धरतात. म्हणजे फिजिक्सऐवजी केमिस्ट्री मेजर मिळालं, पण फिजिक्स मायनर ठेवलं, तर एमएस्सी फिजिक्सचं दार उघडं राहतं. ही मायनरची निवड पहिल्या वर्षी फॉर्म भरताना होते. ऑनलाइन फॉर्म भरून देणारा कियॉस्कवाला ‘कुठलाही भरू का?’ म्हणून विचारतो आणि आपण मान डोलावतो. तसं करू नका.

बीकॉम मिळालं, लॉ हवं होतं.

बीकॉम नीट करा, मग तीन वर्षांचं एलएलबी. पाच वर्षांच्या एकत्रित कोर्सपेक्षा एक वर्ष जास्त जातं, बाकी काही बिघडत नाही.

आम्ही मराठी आहोत. महाराष्ट्रातल्या कॉलेजात काही सवलत मिळते का?

नाही. महाराष्ट्राची राज्य पातळीवरची जागा अधिवास आणि दहावी-बारावी कुठे झाली यावर मिळते, मातृभाषेवर नाही. इंदूरचा विद्यार्थी तिथे अखिल भारतीय उमेदवार, जेईई मेनच्या गुणांवर. पुण्याचं कॉलेज हवं म्हणून नको ती ब्रांच आणि वर हॉस्टेलचा खर्च, हा सौदा बहुतेकांना महागात जातो.

प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते का?

मिळते, वेळेवर अर्ज केला तर. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे हिशेब प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेवरून होतो. त्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर १०० टक्के (प्रक्रिया शुल्क फार तर ५ टक्के, कमाल ५,००० रुपये कापतात). १५ दिवसांच्या आत पण तारखेआधी, ९० टक्के. तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे तारखेपासून ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, पुढे शून्य. ८०,००० फी भरली असेल तर या पायऱ्या ७२,०००, ६४,००० आणि ४०,००० होतात. अनामत रक्कम या हिशेबाबाहेर, ती पूर्ण परत. लेखी अर्जानंतर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. काही वर्षी यूजीसीनं यापेक्षा सवलतीच्या तारखा दिल्या आहेत, तेव्हा त्या वर्षाचं परिपत्रक बघा.

इंजिनिअरिंगसारख्या तांत्रिक कोर्सला एआयसीटीईचा नियम लागतो. वर्ग सुरू होण्याआधी सोडलं तर १,००० रुपयांपर्यंत कापून बाकी सगळं परत. नंतर सोडलं आणि ती जागा शेवटच्या तारखेपर्यंत भरली गेली तर महिन्यांच्या प्रमाणात कपात. जागा रिकामीच राहिली तर फक्त अनामत रक्कम आणि मूळ कागद. पुढच्या वर्षांची फी मागायचा अधिकार कॉलेजला नाही.

अर्ज ईमेलनं करा आणि छापील प्रतीवर आवक क्रमांक घ्या. तारखेचा पुरावा नसेल तर तुम्ही ९० टक्क्यांत होता की ८० मध्ये, हे कॉलेज ठरवतं.

मेधावी योजना किंवा शैक्षणिक कर्ज घेतलं असेल तर ब्रांच बदलल्यावर काय?

मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेला मध्य प्रदेश बोर्डाचे ७० किंवा सीबीएसई-आयसीएसईचे ८५ टक्के लागतात, आणि इंजिनिअरिंगसाठी जेईई मेनचा रँक दीड लाखाच्या आत. लाभ ज्या प्रवेशावर मंजूर झाला तो बदलला की पोर्टलवर माहिती दुरुस्त करून घ्या, नाहीतर दुसऱ्या वर्षाचा हप्ता अडकतो. कर्जाचंही तसंच. बँकेनं कर्ज कॉलेज, कोर्स आणि वार्षिक फी बघून दिलेलं असतं. नव्या ब्रांचची फी जास्त असेल तर आधी बँकेत जा, मग कॉलेजच्या काउंटरवर.

कॉलेज मूळ मार्कशीट आणि टीसी परत देत नाही. कुठे जायचं?

मूळ कागद अडवून ठेवणं यूजीसी आणि एआयसीटीई, दोघांच्याही नियमात बसत नाही. पडताळून परत द्यायचे असतात. आधी प्राचार्यांना लेखी, मग कॉलेजच्या तक्रार निवारण समितीला, मग विद्यापीठाच्या लोकपालांकडे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनी प्रत्येक विद्यापीठात लोकपाल असणं बंधनकारक आहे. ऑनलाइन तक्रार यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर होते. खासगी विद्यापीठ असेल तर भोपाळच्या खासगी विद्यापीठ विनियामक आयोगाकडे, आणि खासगी व्यावसायिक कॉलेजनं ठरल्यापेक्षा जास्त फी घेतली असेल तर प्रवेश आणि शुल्क विनियामक समितीकडे. तक्रारीला फीची पावती, रद्द करण्याच्या अर्जाची आवक प्रत आणि अलॉटमेंटचा कागद जोडा. माइग्रेशन आणि टीसीची मूळ प्रत देण्याआधी दोन्ही बाजूंचा रंगीत स्कॅन काढून ठेवलेला असला की बराच मनस्ताप वाचतो. सीबीएसईची मार्कशीट आणि माइग्रेशन डिजिलॉकरवरूनही काढता येतं.